हळद, जास्वंद, लाल कोबी: नैसर्गिक दर्शकांवर किती विसंबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मुलांबरोबर पाच वनस्पतिज रंग आम्लात आणि आम्लारीत टाकून पाहिले. हळद आम्लात जराही बदलली नाही. जास्वंदीचा अर्क खूप पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये लाल होण्याऐवजी फिका पडत गेला. लाल कोबीच्या रसात बुडवलेला प्रिंटरचा कागद वाळेपर्यंत आपोआप निळा-हिरवा झाला. बीट बहुतेक ठिकाणी तसंच राहिलं आणि नीळ कशालाच दाद देईना. तेव्हा हे रंग खरोखर दर्शक, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंग बदलून सांगणारे पदार्थ, आहेत का, आणि त्यांच्यावरून सामूचा (pH चा; 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी) आकडा सांगता येतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, तुमची पाचही निरीक्षणं बरोबर आहेत. एकही प्रयोग बिघडलेला नाही. वनस्पतींपासून रंग काढणं आणि त्यांनी कापड-कागद रंगवणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे, आणि या पाचही गोष्टी मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. गडबड होते ती 'दर्शक' या शब्दाकडून आपण ठेवलेल्या अपेक्षेत. दर्शक आम्लता मोजतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो एवढंच सांगतो की द्रावण त्याच्या स्वतःच्या एका ठरावीक सीमेच्या अलीकडे आहे की पलीकडे. ही सीमा रंगागणिक वेगळी असते, आणि 7 वर तर ती क्वचितच असते.

दर्शक स्वतःच एक सौम्य आम्ल किंवा सौम्य आम्लारी असतो. त्याच्या रेणूला हायड्रोजन आयन चिकटलेला असताना रंग एक, आणि तो सुटला की रंग दुसरा. ज्या सामूला निम्मे रेणू एका रूपात आणि निम्मे दुसऱ्या रूपात असतात, ती त्याची सीमा. आपल्या डोळ्याला मिश्रणातला एक रंग साधारण दहापट झाल्याशिवाय दुसरा स्वच्छपणे हटल्यासारखा वाटत नाही. त्यामुळे सीमेच्या खाली-वर मिळून सुमारे दोन सामूंचा पट्टा संक्रमणाचा असतो. प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन 8.3 ते 10 या पट्ट्यात गुलाबी होतं, मिथिल ऑरेंज 3.1 ते 4.4 मध्ये लालवरून पिवळं होतं. लिटमसचा पट्टा 4.5 ते 8.3 असा ऐसपैस आहे, कारण तो एक रंग नसून दगडफुलांपासून काढलेल्या अनेक रंगद्रव्यांचं मिश्रण आहे. रॉक्सेला जातीची दगडफुलं अमोनियाच्या सान्निध्यात हवेवर कित्येक आठवडे मुरवतात, तेव्हा कुठे ती निळाई उतरते.

आता हळद. तिच्यातल्या करक्युमिनचा पहिला हायड्रोजन आयन सुटतो तो सामू 8 च्या आसपास. त्याखाली सगळीकडे ते पिवळं. सायट्रिक आम्लाचं द्रावण असो, पातळ व्हिनेगर असो की शुद्ध पाणी, हळदीला तिन्ही सारखीच. म्हणजे 'हळद पिवळी राहिली, म्हणून द्रावण आम्ल आहे' हे वाक्य चूक आहे. 'द्रावण स्पष्टपणे आम्लारीधर्मी नाही' एवढंच म्हणता येतं. मुलांना हे दाखवायचं असेल तर हळदीचा कागद खाण्याच्या सोड्याच्या आणि धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात शेजारी शेजारी बुडवा. खाण्याच्या सोड्याचा सामू 8.3 च्या जवळ असतो, तिथे मंद नारिंगी छटा येते. धुण्याचा सोडा 11 च्या वर जातो, तिथे कागद लालभडक तपकिरी होतो. दोन्ही आम्लारीच, पण हळदीच्या सीमेपासूनचं अंतर वेगळं.

हळदीबाबत आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाण्यात कालवलेली हळद म्हणजे नुसता गाळ असतो. अल्कोहोलमध्ये अर्क काढा, गाळून घ्या, मगच कागद रंगवा. दुसरी गोष्ट, आम्लारीत करक्युमिन टिकत नाही. 37 अंश सेल्सिअसला, सामू 7.2 च्या साध्या बफरमध्येसुद्धा (बफर म्हणजे सामू स्थिर धरून ठेवणारं द्रावण) अर्ध्या तासात त्यातलं सुमारे 90 टक्के नष्ट होतं. द्रावणातली लाली आली की लगेच नोंदवा. तासाभराने पाहिलेल्या रंगाला अर्थ नाही. कागदावर शोषलेला आणि कोरडा झालेला रंग मात्र बराच काळ टिकतो.

हळदीचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो वर्गात सहसा दाखवला जात नाही. हळदीच्या कागदावर बोरिक आम्लाचं द्रावण टाका, वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब द्या आणि कागद हलक्या उबेवर वाळवा. कागद लालसर तपकिरी होतो. तिथे आम्लारी औषधालाही नाही, तरी हळद लाल! बोरॉन करक्युमिनला बांधून रोझोसायनिन नावाचं वेगळंच लाल संयुग तयार करतं. खातरजमेसाठी त्या डागावर अमोनियाचा थेंब टाका. तो डाग गडद निळा-हिरवा, जवळजवळ काळा होतो. आम्लारीमुळे आलेली लाली असं करत नाही. बोरॉन ओळखण्याची ही जुनी आणि विश्वासार्ह चाचणी आहे. रंग बदलला म्हणजे सामूच बदलला असं मानणाऱ्या कोणालाही मी आधी हा कागद दाखवतो.

तुमचा खरा गहन प्रश्न जास्वंदीचा आहे. जास्वंद, गुलाब, लाल कोबी, गोकर्ण, जांभळाची साल या सगळ्यांतला रंग अँथोसायनिन या कुळातला. पाठ्यपुस्तकात त्यांच्याविषयी 'आम्लात लाल, आम्लारीत हिरवा' एवढं एक वाक्य येतं. वास्तविक अँथोसायनिनला दोन नव्हे, निदान पाच रूपं आहेत. सामू 2-3 च्या खाली ते धनभारित लाल रूपात असतं. सामू वाढवत गेलं की दोन वाटा फुटतात. एका वाटेने हायड्रोजन आयन सुटतो आणि जांभळं, पुढे निळं रूप मिळतं. दुसऱ्या वाटेने पाण्याचा रेणू येऊन मधल्या वलयाला चिकटतो. रंग ज्या सलग बंधांच्या साखळीमुळे दिसतो ती तिथे तुटते आणि रेणू बिनरंगी होतो. साध्या अँथोसायनिनांत ही दुसरी वाट जोरदार असते. म्हणून सामू 4-5 च्या आसपास जास्वंदीचा किंवा गुलाबाचा अर्क फिका पडतो. त्यातला रंग नष्ट झालेला नाही, लपला आहे. त्याच परीक्षानळीत तीव्र आम्लाचे दोन थेंब टाका, लाल परत येतो.

यात वेळेचाही खेळ आहे. हायड्रोजन आयन सुटणं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पाणी चिकटायला काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत वेळ लागतो. म्हणून लाल अर्क सामू 5 च्या द्रावणात ओतला की प्रथम जांभळट झाक येते आणि मग ती डोळ्यांदेखत विरते. एकाच नळीत एका मुलाने 'जांभळा' आणि दुसऱ्याने 'रंगहीन' असं लिहिलं असेल, तर दोघंही खरं सांगत आहेत. त्यांनी वेगवेगळ्या वेळी पाहिलं, एवढंच. माझ्या नोंदवहीत रंगाच्या रकान्याशेजारी वेळेचा रकाना असतो, आणि तो तुम्हीही ठेवावा असं मी आग्रहाने सांगेन.

आम्लारीच्या बाजूला जास्वंद हिरवी का होते? अँथोसायनिनचं तिथलं रूप निळं आहे, हिरवं नाही. पाकळीत त्याच्यासोबत फ्लॅव्होन आणि फ्लॅव्होनॉल ही जवळजवळ बिनरंगी द्रव्यंही असतात आणि आम्लारीत ती पिवळी होतात. निळं अधिक पिवळं म्हणजे हिरवं. याचा पुरावा सहज मिळतो. कुठल्याही पांढऱ्या फुलाची पाकळी अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी धरा. बहुतेक पाकळ्या पिवळ्या पडतात. लाल रंग मुळातच नसलेल्या फुलातही हा दर्शक दडलेला आहे, हे पाहून मुलं हरखून जातात. अमोनिया हुंगू मात्र देऊ नका, आणि हे खिडकीपाशी करा.

सामू 11-12 च्या पुढे हिरव्याचंही पिवळं होतं, कारण मधलं वलयच उघडतं. इथे एक धोका आहे. तिथपर्यंतचे बहुतेक बदल उलटवता येतात. तीव्र आम्लारीत रंग काही मिनिटं राहिला तर रेणू मोडू लागतो, आणि मग कितीही आम्ल घातलं तरी मूळ लाल पुरा परत येत नाही. 'अभिक्रिया उलटवून दाखवा' असा प्रयोग असेल तर सोडियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर लगेच आम्ल टाका.

लाल कोबी फिका का पडत नाही? त्याच्या अँथोसायनिनला शर्करांवरून जोडलेले सिनापिक, फेरुलिक अशा सुगंधी आम्लांचे गट असतात. हे गट दुमडून रंगाच्या सपाट वलयावर झाकणासारखे बसतात आणि पाण्याला आत शिरू देत नाहीत. बिनरंगी वाट अडली की सामू 4 ते 6 मध्येही गुलाबी-जांभळा रंग टिकून राहतो. गोकर्णीच्या निळ्या पाकळ्यांत हे झाकण आणखी पक्कं असतं, तिच्या रेणूवर असे कितीतरी गट लटकलेले असतात. उदासीन पाण्यात निळी, आम्लात जांभळी आणि मग गुलाबी-लाल, आम्लारीत हिरवी, असा तिचा प्रवास. वर्गासाठी एकच फूल निवडायला सांगाल तर मी गोकर्ण निवडेन. ती वाळवूनही महिनोन्महिने कामाला येते आणि गरम पाण्यात दोन मिनिटांत रंग सोडते.

कोबीचा कागद आपोआप हिरवा झाला, त्याचं कारण कोबीत नाही, कागदात आहे. आजच्या बऱ्याचशा छपाईच्या कागदात पांढरेपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं, म्हणजे खडूच. तो रसातली आम्लता शोषून घेतो आणि रंगाला आम्लारीच्या बाजूला नेऊन ठेवतो. जुन्या पद्धतीच्या कागदात तुरटी आणि राळेचं खळ असे, तो उलट आम्लधर्मी. दोन्ही दर्शकासाठी निरुपयोगी. गाळणकागद वापरा. सुरुवातीला मीही साध्या कागदाच्या पट्ट्या करून बसलो होतो आणि एक अख्खा दिवस कोबीलाच दोष देत होतो. शेवटी कागदाच्या तुकड्यावर आम्लाचा थेंब टाकला, त्यातून बुडबुडे आले, आणि उलगडा झाला.

बीटचं लवकर उरकतो. त्याचा रंग दिसायला जास्वंदीसारखा असला तरी कूळ निराळं, बीटालेन. नायट्रोजन असलेलं हे द्रव्य सामू 3 ते 7 मध्ये जवळजवळ तसंच राहतं आणि तीव्र आम्लारीत मोडून पिवळं होतं. दर्शक म्हणून त्याचा उपयोग नगण्य. एक सुंदर गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे: अँथोसायनिन आणि बीटालेन ही दोन्ही कुळं एकाच वनस्पतीत नैसर्गिकरीत्या एकत्र सापडलेली नाहीत.

नीळ तर या खेळातली नाहीच. नीळ रंगवताना आम्लारी लागते, आणि कुंडातून पिवळट-हिरवं बाहेर आलेलं कापड हवेत निळं होतं, म्हणून अनेकांना तो सामूचा परिणाम वाटतो. तिथे घडतं ते क्षपण आणि ऑक्सिडीकरण. कुंडात क्षपणाने नीळ विरघळणारी बनते, हवेतला ऑक्सिजन तिला पुन्हा निळी, अविद्राव्य करतो. आम्लारीचं काम फक्त त्या क्षपित रूपाला पाण्यात धरून ठेवण्याचं. तुमच्या नळ्यांत क्षपण करणारं काही नव्हतं, म्हणून ती स्थिर राहिली.

रंग आणि सामू यांचं नातं इतकं सरळ नाही, याला इतिहासातही मोठं उदाहरण आहे. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने 1664 मध्ये रंगांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. व्हायोलेट फुलांचं सरबत आम्लाने लाल आणि आम्लारीने हिरवं होतं, हे त्याने त्यात नोंदवलं, आणि अनोळखी द्रव कोणत्या बाजूचा हे ठरवायला ते वापरलं. सामूची मोजपट्टी तेव्हा नव्हती. ती सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत 1909 मध्ये मांडली. पुढे वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी 1915 चं नोबेल मिळवणाऱ्या रिचर्ड विलश्टेटरला आढळलं की निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये आणि लाल गुलाबात रंगद्रव्य एकच आहे. फुलातला रस एकीकडे आम्ल आणि दुसरीकडे आम्लारी असेल, असा त्याने तर्क केला. तर्क आकर्षक होता, पण पाकळीतला रस आम्लधर्मीच निघाला. 2005 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या निळ्या द्रव्याची स्फटिकरचना उलगडली: सहा अँथोसायनिन, सहा फ्लॅव्होन, आणि त्यांना बांधणारे एक लोहाचा, एक मॅग्नेशियमचा व दोन कॅल्शियमचे आयन. निळाई धातूंमुळे होती. हायड्रेंजियाही याच वाटेची आहे. तिची फुलं आम्लधर्मी मातीत निळी आणि आम्लारीधर्मी मातीत गुलाबी होतात, लिटमसच्या बरोबर उलट. आम्ल मातीत अॅल्युमिनियम विरघळून मुळांना मिळतो आणि तो रंग निळा करतो.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. 'हेवनली ब्लू' या मॉर्निंग ग्लोरीची कळी जांभळट-लाल असते आणि उमलताना निळी होते. तिच्या पाकळीच्या पेशींतल्या रसाचा सामू प्रत्यक्ष मोजला गेला आहे, आणि तो उमलताना 6.6 वरून 7.7 वर चढतो. तिथे फूल स्वतःच दर्शक आहे.

प्रयोगशाळेत फसवणारे आणखी काही पाहुणे लक्षात ठेवा. विरंजकाचं द्रावण कोबीचा रस क्षणभर हिरवा करतं आणि मग रंगच खाऊन टाकतं. लोखंडी भांड्यात उकळलेला जास्वंदीचा अर्क काळपट होतो. तुरटीमुळे काही अर्क निळ्याकडे झुकतात. वर्गातलं 'उदासीन' शुद्ध पाणीही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून 5.6 च्या आसपास येतं, म्हणून कोबी त्यात निळसर न दिसता जांभळा दिसतो. पाणी उकळून, झाकून, थंड करून वापरा. अर्कही थेंबांनीच घाला. तो स्वतः आम्लधर्मी असतो, आणि पाण्यासारख्या बफर नसलेल्या द्रवात चमचाभर ओतलात तर तुम्ही अर्काचाच सामू पाहत असता. आम्ल घातलेल्या अल्कोहोलने काढलेला अर्क दिसायला भडक असतो, पण याच कारणाने तो इथे नको.

आता आकड्याविषयी. नुसत्या रंगावरून 'सामू 6' असं सांगता येत नाही, पण शेजारी माहीत असलेल्या सामूंची रांग मांडली तर कोबी किंवा गोकर्ण एका एककाच्या आत, सरावाने अर्ध्या एककापर्यंत उत्तर देते. छापील रंगपट्टीवर विसंबू नका. तुमचा अर्क, तुमचा उजेड आणि छापणाऱ्याची शाई यांचा एकमेकांशी संबंध नसतो. रांग स्वतः बनवा. मॅकिल्व्हेनने 1921 मध्ये दिलेलं बफर यासाठी उत्तम आहे, कारण दोन द्रावणांतून जवळजवळ सगळा पट्टा मिळतो. एक, 0.1 मोलर सायट्रिक आम्ल. दुसरं, 0.2 मोलर डायसोडियम फॉस्फेट. 20 मिलिलिटर बफरसाठी फॉस्फेट असं घ्या: सामू 3 ला 4.11 मिलिलिटर, 4 ला 7.71, 5 ला 10.30, 6 ला 12.63, 7 ला 16.47 आणि 8 ला 19.45. उरलेलं सायट्रिक आम्ल. त्यापुढे खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांची मिश्रणं चालतात, मात्र त्यांचा सामू मीटरवर तपासून घ्या. बोरॅक्सचं बफर 9.18 ला नेमकं बसतं, पण हळदीबरोबर ते नको. लाली सामूची की बोरॉनची, हा घोळ तिथे नकोच. प्रत्येक नळीत अर्क सारखा, प्रकाश सारखा, मागे पांढरा कागद, आणि सगळ्या नळ्या पाच मिनिटांनी वाचायच्या.

अनुमापनात, म्हणजे थेंबाथेंबाने आम्लारी घालून आम्ल किती आहे ते मोजताना, मात्र कोबी वापरू नका. तो प्रत्येक सामूला हळूहळू रंग बदलतो. नकाशा म्हणून हे छान, पण अनुमापनात आपल्याला एकाच ठिकाणी झटकन उडी हवी असते. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यात शेवटच्या एखाद्या थेंबाला सामू 4 वरून 10 वर झेप घेतो, तिथे जास्वंदीचा लाल ते हिरवा बदल चालून जातो. अॅसिटिक आम्लाचं अनुमापन 8.7 च्या आसपास संपतं. तिथे हळदीची सीमा जवळ आहे, म्हणून ताज्या अल्कोहोली अर्काचे दोन-तीन थेंब घेऊन तुम्ही ते करून पाहू शकता. पिवळ्यावरून नारिंगीची पहिली टिकणारी झाक दिसली की थांबा आणि त्याच नमुन्याचं उत्तर फिनॉल्फ्थॅलिनशी ताडून पाहा. फरक किती येतो हे मुलांनाच मोजू द्या.

अर्क बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशी येते आणि तो तपकिरी होतो. लहान लहान भाग करून गोठवला तर कित्येक महिने टिकतो. कागदाच्या पट्ट्या अंधारात वाळवा, अमोनियाची बाटली त्या खोलीत उघडू नका, आणि घट्ट झाकणाच्या रंगीत बाटलीत ठेवा. वापरण्यापूर्वी दर वेळी एक पट्टी व्हिनेगरमध्ये आणि एक सोड्यात बुडवून पाहा. दोन्हीकडे रंग ठसठशीत आला तरच बाकीच्या कामाला घ्या.